डाव्या हाताची सबब

मे महिन्यातील एका रविवारी सकाळी जगातील शेकडो शहरांतून एक आगळी मिरवणूक निघते. कोट, टाय आणि लकाकते बूट अशा थाटातले पुरुष, त्यांच्याबरोबर काही स्त्रियाही, जुन्या घडणीच्या मोटारसायकलींवर स्वार होऊन शहरात संथ फेरी मारतात. ती शर्यत नसते. वेगाला तेथे मान नाही. प्रत्येक स्वाराने आधी नाव नोंदवावयाचे, मग नातलग, शेजारी, कचेरीतील सहकारी यांच्यापुढे हात पसरून देणग्या मिळवावयाच्या आणि त्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधनासाठी व पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी द्यावयाच्या, अशी ही योजना आहे. 'डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राइड' हे तिचे नाव. सिडनीच्या मार्क हावा यांनी ती २०१२ साली सुरू केली. दूरदर्शन मालिकेतील सुटाबुटातला एक नायक जुन्या मोटारसायकलवर बसला आहे, असे छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले आणि मोटारसायकलवाला म्हणजे दांडगट, ही लोकांची समजूत पुसून काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्याच वर्षी ६४ शहरांत फेऱ्या निघाल्या. पुढे तिला निधिसंकलनाची जोड मिळाली. हा निधी 'मोव्हेंबर' या संस्थेकडे जातो. तीही २००३ साली मेलबर्नमध्ये काही मित्रांनी गमतीने मिशा वाढविल्या त्यातून जन्मलेली. मुंबई-पुण्यातही या फेऱ्या निघाल्या आहेत.

आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण या फेरीत जाऊ लागल्यापासून चर्चच्या आवारात जी शेरेबाजी चालते, तिच्याविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे. शेरे साधारण ठरलेले आहेत. हा खिसा भरलेल्यांचा रविवारचा शौक आहे. पेट्रोल जाळून कर्करोग बरा होतो काय? एवढी कळकळ असेल तर परळच्या पदपथावर झोपणाऱ्या रुग्णाला दोन घास द्या, परदेशी संस्थेच्या पदरात पैसा कशाला? आणि अखेरीस, सर्वांत वजनदार म्हणून, दानाविषयी बोलताना प्रभूने उजव्या आणि डाव्या हाताचा जो दाखला दिला तो पुढे केला जातो. हा दाखला ऐकविताना बोलणाऱ्याच्या मुद्रेवर जे समाधान पसरते ते पाहण्यासारखे असते. एक पैसाही न देता धर्म पाळल्याचे ते समाधान असते.

तेव्हा त्या डाव्या हातापासूनच सुरुवात करू. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील तो उपदेश, लोकांनी वाहवा करावी म्हणून दान देणाऱ्या ढोंग्यांविषयी आहे, यात शंका नाही. तो ज्यांना लागू पडतो त्यांनी तो जरूर मनावर घ्यावा. परंतु आता आपल्या कोणत्याही चर्चमध्ये एक फेरी मारावी, मोटारसायकलशिवाय. बाकांच्या पाठीवर नावे आहेत. भिंतीतल्या संगमरवरावर नावे आहेत. पंख्याच्या पात्यांवर नावे आहेत. पंखा बंद असेल तेव्हा ती वाचता येतात, आणि आम्हांस वाटते की काही दात्यांना म्हणूनच उन्हाळ्यापेक्षा हिवाळा प्रिय असावा. चर्चच्या सणाला कोणी किती दिले हे ध्वनिक्षेपकावरून साऱ्या गावाला ऐकविले जाते. त्या वेळी कोणाच्याही डाव्या हाताला खाज सुटत नाही. कर्करोगाच्या संशोधनासाठी चार तरुणांनी कोट घातले की मात्र आपणांस गिरिप्रवचन आठवते. त्याच गिरिप्रवचनात, एक अध्याय आधी, आपल्या सत्कर्मांचा प्रकाश लोकांसमोर पडावा व त्यांनी स्वर्गीय पित्याचा गौरव करावा असेही सांगितले आहे. तो भाग कोणी ऐकवीत नाही.

शिवाय येथे एक साधा फरक लक्षात घेतला जात नाही. फेरीतला स्वार मुख्यतः देणारा नसतो, तो मागणारा असतो. देणाऱ्याने गुपचूप द्यावे हे ठीक. मागणाऱ्याने लपून कसे मागावे? संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी निधी जमविला तेव्हा करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील दोन अध्याय त्याने त्यासाठी खर्ची घातले. मासेदोनियातील ख्रिस्ती लोकांनी आपल्या दारिद्र्यातही किती उदारपणे दिले हे त्याने त्यांचे नाव घेऊन सांगितले, आणि तुम्ही मागे राहू नका असे करिंथकरांना बजावले. आजच्या भाषेत याला चढाओढ लावणे म्हणतात. पौलाला त्याची लाज वाटली नाही, कारण पैसा त्याला स्वतःसाठी नको होता.

याचा अर्थ फेरीतले सारे काही आम्हांस मान्य आहे असा नव्हे. जो नाव नोंदवतो, छायाचित्रासाठी मिशीला पीळ देतो आणि कोणाकडे शंभर रुपयेही मागण्याचे कष्ट घेत नाही, त्याने केवळ रविवारची हवा खाल्ली. २०२४ साली ही फेरी १९ मे रोजी, म्हणजे नेमकी पेंटेकॉस्टच्या रविवारी होती. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण टाळून इंजिनांचा आवाज ऐकणे हा बदल आम्हांस पसंत नाही. पण त्यावरचा उपाय शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सात आहे. फेरीलाच पाप ठरविण्यात नाही. पेट्रोलचे म्हणाल, तर आपल्या एका लग्नाच्या वरातीत, बँडच्या गाड्यांत आणि पाहुण्यांच्या बसगाड्यांत जे पेट्रोल जळते, त्याचा हिशेब मांडण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्याशीच आम्ही या विषयावर बोलू.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. रुग्णाला जेवण द्यावे, संशोधनाला पैसा कशाला, या प्रश्नात प्रामाणिकपणा आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. रुग्णसेवा ख्रिस्तसभेच्या रक्तात आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर 'शांती आवेदना सदन' सुरू केले, ते बरे न होणाऱ्या कर्करुग्णांसाठी भारतातले पहिले आश्रयस्थान होते. तेथे धर्मभगिनी जी सेवा करतात तिच्यापुढे आमची लेखणी मुकी होते. मरणाऱ्याच्या उशाशी कसे बसावे हे आपला समाज शिकला आहे. तो का मरतो आहे आणि त्याच्या मागून येणाऱ्याला वाचविता येईल काय, हा अभ्यास चालविण्यासाठी पैसा देणे हाही दानधर्म आहे, हे मात्र आपल्या गळी उतरलेले नाही. संशोधन म्हणजे सरकारचे, नाहीतर औषध कंपन्यांचे काम, अशी आपली समजूत. या समजुतीची किंमत कोण मोजतो ते दोन-तीन उदाहरणांवरून पाहावे. ती परदेशातली नाहीत, मुंबईतलीच आहेत.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या देशात हजारो स्त्रियांचा बळी घेतो. त्याच्या तपासणीची पाश्चात्य पद्धत प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ मागते; झोपडपट्टीत दोन्ही नाहीत. टाटा रुग्णालयातील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रयोग केला. साधन काय, तर पातळ केलेले अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे नाताळात आपल्या घरी मांसाला चोळतात ते व्हिनेगरच. ते गर्भाशयाच्या मुखाला लावले की बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. ही तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावरून पुढे मोठा नैतिक वाद झाला. तो वाद आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. गरिबांच्या देहावर प्रयोग होताना त्यांची बाजू कोणी मांडावी, हा प्रश्न धर्मगुरूंचाही आहे. आणि जो संशोधनाच्या जवळपासही फिरकत नाही त्याला ती बाजू मांडता येत नाही.

दुसरे उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करण्यासाठी डॉक्टर जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, तेच औषध शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या भोवती टोचले तर काय होते, याचा अभ्यास डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील अकरा रुग्णालयांत झाला. सोळाशेच्या आसपास स्त्रिया त्यात होत्या. २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते. शंभरांमागे जवळजवळ चार जीव, आणि तेही एका स्वस्त, जुन्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या औषधाने. त्याच वर्षी टाटा रुग्णालयातून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोके व मान या भागातील कर्करोग पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णांना निव्होलुमॅब नावाचे अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी प्रमाणात, इतर गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या घरांना हा आकडा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता वाचकांनीच सांगावे: आपले औषध दहाव्या हिश्शाने पुरते, हे शोधून काढण्यासाठी कोणता विक्रेता स्वतःची थैली मोकळी करील? व्हिनेगरची जाहिरात कोण करील? लिग्नोकेनच्या बाटलीवर कोणाला घसघशीत नफा मिळणार आहे? ज्या शोधातून पैसा सुटत नाही, तो शोध बाजार लावीत नाही. बाजाराला आम्ही दोष देत बसत नाही, त्याचा तो स्वभाव आहे. पण मग अशा शोधांसाठी दोनच झोळ्या उरतात, सरकारची आणि दानाची. सरकारी झोळीला शंभर तोंडे आहेत. लिग्नोकेनचा निष्कर्ष इतर देशांतही पुन्हा पडताळून पाहावा असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्या पडताळणीलाही पैसा लागेल, आणि तो कोणी तरी मागितल्याशिवाय येणार नाही. पदपथावरच्या रुग्णाला दिलेला घास त्याच्या पोटात जातो. तो दिलाच पाहिजे. पण त्या घासावर थांबून, त्या रुग्णाच्या मुलीसाठी तरी औषध स्वस्त व्हावे या खटपटीला जो 'शौक' म्हणतो, त्याने गरिबाची कड घेतल्याचा आव आणू नये.

परदेशी संस्थेला पैसा जातो, या आक्षेपाने तर आम्हांस हसावे की रडावे कळत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतील त्या व्हिनेगरच्या प्रयोगाला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे साहाय्य होते. म्हणजे तेथील करदात्याच्या पैशाने येथील बाई वाचली. त्या करदात्याने 'आमचा पैसा धारावीला कशाला' असे विचारले असते तर? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. शोकाकुल पतीने पुढच्याच वर्षी तिच्या नावाने निधी उभारला, आणि या रोगावर काम करणाऱ्या जगभरातील संशोधकांना त्यातून मदत मिळेल अशी तरतूद केली. टाटा कुटुंबाच्या दानातूनच १९४१ साली परळचे रुग्णालय उभे राहिले, ज्याच्या दाराशी आज आपल्यापैकी कित्येकांनी रांग लावली आहे. हा माणूस पारशी होता. ज्ञानाला पारपत्र लागत नाही हे त्याला कळले. जगभर पसरलेल्या, स्वतःला 'कॅथलिक' म्हणजे विश्वव्यापी म्हणविणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कळू नये?

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसविले (त्याच्याकडेही वाहन होते, हे टीकाकारांनी नोंदवून ठेवावे), आणि धर्मशाळेत नेले. प्रवचने बहुधा येथेच संपतात. पण शोमरोनी तेथे थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने धर्मशाळावाल्याच्या हाती दोन दिनार ठेवले आणि आणखी जो खर्च होईल तो परतल्यावर भरून देण्याचा शब्द दिला. किती होईल हे त्याला ठाऊक नव्हते. खर्च होताना पाहायला तो तेथे असणार नव्हता. दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्याच्या जाणतेपणावर विश्वास ठेवून दिलेले हे पैसे होते. संशोधनाला दिलेले दान याच जातीचे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्याचा एक अख्खा भाग याच शोमरोन्यावर आहे. दुःखाचा ख्रिस्ती अर्थ सांगणाऱ्या त्या पत्रात दुःखासमोर हात बांधून बसा असे कोठेही सांगितलेले नाही.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्यात हात बांधून बसण्यालाच श्रद्धा म्हणण्याची एक वाईट खोड आहे. गाठ लागली की आधी नोव्हेना, मग शिबिर, मग कोणा प्रार्थनावाल्याचा हात डोक्यावर, आणि तपासणी सर्वांच्या शेवटी, जेव्हा शल्यविशारदाला करण्यासारखे काही उरलेले नसते. प्रार्थनेला आम्ही विरोध कसा करू? आमचे आयुष्यच त्यात गेले. पण प्रार्थना झाली आता गोळ्या बंद करा, असे जो सांगतो तो ख्रिस्ताच्या नावाने माणूस मारतो, हे आम्ही स्पष्ट लिहून ठेवतो. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो. औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली, शहाण्याने ती झिडकारू नयेत, असे तेथे म्हटले आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा ग्रंथ सहसा नसतो. आपल्या बायबलमध्ये आहे. वाचला जात नाही एवढेच.

पुरुषांचे तर विचारूच नये. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग उतारवयातील पुरुषांचा. लघवीला त्रास होतो, रात्री चार-चार वेळा उठावे लागते, आणि आपले काका, आपले बाबा ते बायकोलाही सांगत नाहीत. वयानुसार चालायचेच, म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण ते खरे आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. आजार शेवटी कंबरेच्या हाडापर्यंत पोहोचल्यावर घरात कळतो. मग अंत्यविधीच्या वेळीही रोगाचे नाव घेतले जात नाही. 'थोड्याशा आजाराने' निधन झाल्याचे छापले जाते. कित्येक घरांत आम्ही रुग्णाला अभ्यंग करावयास गेलो असताना दारातच कानात सांगितले गेले आहे की, फादर, त्यांना काय झाले आहे ते त्यांना ठाऊक नाही. हा चोरटेपणा मायेतून येतो हे आम्ही जाणतो. तरी तो चोरटेपणाच. अशा समाजात वीस-पंचवीस पुरुष भर रस्त्यावर, चांगले कपडे घालून, त्या ग्रंथीचे आणि त्या रोगाचे नाव घेऊन फिरतात, याला आम्ही देखावा म्हणण्यास तयार आहोत. देखावाच आहे. तो पाहिला जावा म्हणूनच केलेला आहे.

कर्करुग्णांचा आश्रयदाता म्हणून ख्रिस्तसभा संत पेरेग्रीन यांचा धावा करते. इटलीतील फोर्ली गावचे हे सर्व्हाइट संघाचे व्रतस्थ १३४५ साली निवर्तले. पायाला झालेल्या असाध्य रोगामुळे दुसऱ्या दिवशी पाय कापावयाचा ठरला होता, आणि रात्री क्रुसासमोर प्रार्थना करताना ते बरे झाले, असे त्यांचे चरित्र सांगते. त्यांच्या लॅटिन नावाचा अर्थ वाटसरू. त्यांचा सणही मे महिन्यातच येतो. आमच्या टीकाकारांना मोटारसायकलवाल्यांची फेरी नको असेल तर पायी फेरी काढावी. कोट नको असेल तर शर्टपँट चालेल. पण काही तरी काढावे, आणि निघण्यापूर्वी झोळी फिरवावी.

आमची सूचना अगदी लहान आहे, आणि ती आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे ठेवणार आहोत. ११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी आपण आजाऱ्यांना अभ्यंग करतो, फुले देतो, चहा देतो. यापुढे त्या दिवसाच्या मिस्सातील संपूर्ण अर्पण कर्करोगासाठी राखून ठेवावे: अर्धे परळला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या निवासाला, अर्धे संशोधनाला. त्याच दिवशी चर्चच्या सभागृहात एखाद्या डॉक्टरला बोलावून पुरुषांशी वेगळे, स्त्रियांशी वेगळे, सरळ शब्दांत बोलावयास लावावे. आणि मे महिन्यात ज्यांना फेरीला जावयाचे असेल, त्यांनी शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साला यावे; मिस्सानंतर आवारात त्यांच्या दुचाक्यांना आम्ही आशीर्वाद देऊ, मात्र शिरस्त्राण हातात दिसले पाहिजे. दाराशी एक पेटी ठेवू. किती जमले आणि कोठे पाठविले याचा हिशेब पुढच्या रविवारी फलकावर लागेल. दात्यांची नावे लागणार नाहीत.